स्टॉक पिकअप बदलू का? आधी ब्रिजवर जाऊन टोनचा नॉब फिरवून बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की स्क्वायर अफिनिटी स्ट्रॅट (फेंडरच्या स्वस्त ब्रँडची इलेक्ट्रिक गिटार) आहे, घेऊन दोन वर्षं झाली, गिटारसोबत आलेला ब्रिज पिकअप (तारा बॉडीवर जिथे अडकतात त्या ब्रिजजवळचा, तारांचा आवाज पकडणारा) पत्रा वाजल्यासारखा टोचतो, घरी छोट्या केबलने इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) लावून हेडफोनवर वाजवतोस, अठरा हजारांचा अल्निको चुंबकाच्या पिकअपांचा सेट कार्टमध्ये टाकून ठेवलायस आणि गिटार स्वतः बावीस हजारांना घेतलेली. म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण त्यावरून मी तुला हसणार नाही, कधी कधी जड मोती घालावाच लागतो, मी स्वतः घातलाय.

पुण्यात गेली वीस-बावीस वर्षं मी गिटारी उघडतोय, सेटअप, फ्रेटचं काम, वायरिंग, सगळं. आणि पिकअप बदलून द्या म्हणून जे येतात त्यांना मी पहिला प्रश्न एकच विचारतो, की आत्ता जो आवाज आहे त्यात नेमकं काय नकोय ते एका वाक्यात सांग. "टोन चांगला नाही" हे वाक्य चालणार नाही. "ब्रिजवर पहिल्या दोन तारा कानात टोचतात" हे चालेल. तू ते सांगितलंयस म्हणून तर एवढं लांब लिहितोय, कारण तू जे सांगतोयस त्याचा पिकअपशी संबंध असेलच असं नाही.

सगळ्यात आधी हेडफोनचं. इंटरफेसमध्ये गिटार थेट लावतोस तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅम्प आणि कॅबिनेट (स्पीकरच्या पेटीची नक्कल) दोन्ही चालू आहेत का ते बघ. गिटार अ‍ॅम्पचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, तिथून आवाज धपकन खाली येतो, आणि आपण आयुष्यभर रेकॉर्डवर जी इलेक्ट्रिक गिटार ऐकली ती बहुतेक सगळी असल्या स्पीकरमधून गाळून आलेली आहे. तुझा हेडफोन वीस हजार हर्ट्झपर्यंत सगळं दाखवतो. म्हणजे कॅबिनेट बंद असेल, त्यात थोडं डिस्टॉर्शन लावलं, की जगातला कुठलाही पिकअप पत्राच वाजणार, अठरा हजारांचा पण आणि ऐंशी हजारांचा पण. मी असे किमान दहा-बारा जण बघितलेत ज्यांचा "पिकअप प्रॉब्लेम" एका क्लिकमध्ये गेला. त्यातल्या दोघांचे पिकअप आधीच बदलून झाले होते, त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

कॅबिनेट चालू आहे आणि तरी टोचतं? मग आता ब्रिजवर स्विच टाक आणि दोन्ही टोन नॉब एकेक करून शून्यापर्यंत ने. आवाजात काहीच फरक पडला नाही तर प्रश्न तिथेच आहे. लिओ फेंडरच्या १९५४ च्या स्ट्रॅटपासून पारंपरिक वायरिंग असं आहे की एक टोन नेकजवळच्या पिकअपला, दुसरा मधल्याला, आणि ब्रिजला काहीच नाही. सगळ्यात तिखट पिकअप आणि त्याच्यावर झाकणच नाही! बऱ्याच कंपन्या ते तसंच ठेवतात, काही मॉडेलमध्ये बदललंय, म्हणून पुस्तकात शोधत बसू नकोस, नॉब फिरवून बघ. फरक पडत नसेल तर पाच पोझिशनच्या स्विचवर दोन इंचाची एक वायर, सोल्डरचे दोन टाके, एवढंच काम आहे, मधल्या पिकअपचा टोन ब्रिजलापण लागू होतो. मग ब्रिजवर टोन सहा-सातवर ठेवून वाजव. मी हे काम करून देतो तेव्हा गिऱ्हाईक दोन मिनिटं वाजवतं आणि मग माझ्याकडे असं बघतं जसं काही मी गुपचूप पिकअपच बदलला.

आता उंची. हे काम कुणी करत नाही, फुकटचं आहे म्हणून असेल. शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून धर, तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलच्या (प्रत्येक तारेखालचा धातूचा दांडा) डोक्यापर्यंत मिलिमीटरच्या पट्टीने मोज. साध्या सिंगल कॉइलला (एकाच वेटोळ्याचा पिकअप, तुझ्या स्ट्रॅटचे तसेच) जाड बाजूला दोन मिलिमीटर आणि बारीक बाजूला दीडच्या थोडं वर, ही सुरुवात. बारीक तारांकडचा स्क्रू अर्धा फेरा खाली, वाजव, परत अर्धा फेरा, वाजव. तुझ्या ब्रिजला बारीक बाजू खाली घेतली की टोचणं कमी होईल आणि आवाज थोडा मोकळा होईल, व्हॉल्यूम जरा पडेल तो इंटरफेसवर वाढव. नेक पिकअप गढूळ वाटतो असंही तू लिहिलंयस, तोसुद्धा बहुतेक जाड बाजूने फार वर असणार, दुकानातून येतानाच बऱ्याच गिटारींचा असतो.

उंचीवरून एक किस्सा सांगतोच. वसईचा एक पोरगा, चर्चमध्ये वाजवायचा, त्याने स्वतःच घरी पिकअप बदलले, सिरॅमिक चुंबकाचे काढून चांगले अल्निको पाचचे बसवले, काम एकदम स्वच्छ, टाके माझ्यापेक्षा चमकदार. पण गिटार ट्यूनच होईना. बाराव्या फ्रेटच्या वर जाड ई वाजवली की ट्यूनरचा काटा डोलायचा, एका तारेतून दोन सूर एकमेकांना खेटून निघतायत असं ऐकू यायचं. दोन जणांनी त्याला नेक वाकडी आहे म्हणून सांगितलं होतं. नेक एकदम सरळ होती. झालं होतं असं की स्वस्त सिरॅमिक पिकअपमध्ये पोल नुसते लोखंडाचे असतात आणि खाली चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे वर तारेपाशी ओढ बेताची, ते जवळ ठेवले तरी चालून जातं. अल्निको स्ट्रॅट पिकअपमध्ये पोल हेच चुंबक. याने नवे पिकअप जुन्याच उंचीवर लावले आणि चुंबक तार खाली ओढत होते. तिन्ही पिकअप जाड बाजूने तीन-चार फेरे खाली घेतले, गिटार सुरात आली, पंधरा मिनिटं. मग आम्ही चहा प्यायलो आणि त्याने विचारलं, दादा आता आवाज जुन्या पिकअपसारखाच वाटतोय का हो? मी म्हटलं थोडा वेगळा आहे. थोडा.

आता जरा आतलं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय जाहिरातीतले आकडे वाचू नयेत. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. तार हलते, चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यात वीज तयार होते, हे शाळेतलं. पण आवाजाचा रंग ठरतो तो पुढे. ते वेढे आणि तुझी केबल मिळून एक गाळणी बनते आणि त्या गाळणीला एका जागी उंचवटा असतो, तिथले सूर पुढे येतात, त्याच्या वरचे कापले जातात. स्ट्रॅट पिकअपचं इंडक्टन्स (वेढे वाढले की वाढतं ते) साधारण सव्वादोन-अडीच हेन्री धर. गिटारच्या केबलचं कपॅसिटन्स मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड. तीन मीटरची केबल लावलीस तर तो उंचवटा पाच हजार हर्ट्झच्या आसपास येतो, दहा मीटरची लावलीस तर तीन हजाराच्या जरा वर. लक्षात येतंय का काय म्हणतोय? नुसती केबल बदलून उंचवटा दोन हजार हर्ट्झ सरकला. घरी बेडवर बसून अडीच-तीन मीटरच्या केबलने वाजवणाऱ्याला स्ट्रॅट टोचते आणि तीच गिटार स्टेजवर लांब केबलने गोड वाटते, यात जादू काही नाही.

म्हणून तुझ्यासाठी युक्ती. टापकीर गल्लीतून किंवा मुंबईत असशील तर लॅमिंग्टन रोडवरून ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर घे, पाच-दहा रुपयांत दोन येतील, आणि जॅकच्या दोन टोकांना आडवा टाक. तुझी छोटी केबल लगेच सात-आठ मीटरची असल्यासारखी वागायला लागते, उंचवटा साडेतीन हजाराच्या आसपास येतो. आवडलं नाही तर काढून टाक. अठरा हजारांच्या आधी दहा रुपयांचा प्रयोग करायला काय जातं.

आणि ते किलोओहमचं वेड. "हा ८ के आहे म्हणजे ६ के पेक्षा पॉवरफुल" असं लोक मला ठासून सांगतात. अरे तो नुसता तारेचा रेझिस्टन्स आहे, बारीक तार वापरली की वेढे न वाढवताही आकडा वाढतो. टेलिकास्टरचा नेक पिकअप बघ, त्यात ब्रिजपेक्षा बारीक, त्रेचाळीस गेजची तार असते, आकडा साडेसातच्या आसपास दिसतो आणि आवाज मऊ. शिवाय तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, एका डिग्रीला साधारण ०.४ टक्के. नागपूरच्या एका माणसाने मे महिन्यात फोन करून माझ्याशी वाद घातला होता की तुम्ही एसी दुकानात ६ के दाखवलात आणि घरी मीटर साडेसहाला जरासाच कमी दाखवतोय, पिकअप बदलून दिलात का? बदलला नव्हता. त्याच्या खोलीत बेचाळीस डिग्री होतं एवढंच.

जास्त वेढे म्हणजे जास्त आउटपुट हे खरं, पण त्याबरोबर इंडक्टन्स वाढतो आणि उंचवटा खाली येतो, म्हणजे वरचे सूर जातात. सेमूर डंकन कंपनीचा जेबी पिकअप घे, सोळा किलोओहमच्या वरचा, इंडक्टन्स आठ हेन्रीच्या आसपास, सहा मीटरच्या केबलवर त्याचा उंचवटा दोन-सव्वादोन हजारावर येतो. रॉक लीडसाठी जबरदस्त, पण स्वच्छ चकाकता कॉर्ड हवा असेल तर रडशील. मी रडलोय. साधारण २००४ ची गोष्ट, एका कलकत्ता मेड गिटारमध्ये मी खूप पैसे साठवून एक भरपूर गरम (जास्त आउटपुटचा) हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप टाकला, कुणाचं तरी मासिकातलं परीक्षण वाचून, आणि आतले पॉट (नॉबखालचे रेझिस्टन्स बदलणारे भाग) तसेच ठेवले २५० केचे, कारण ५०० के लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज रजई पांघरून वाजवल्यासारखा. मी तीन महिने स्वतःला समजावत होतो की हाच तो "व्हिंटेज वॉर्म्थ". शेवटी दीडशे रुपयांचा पॉट बदलला आणि अर्धी रजई निघाली, उरलेली अर्धी निघाली नाही कारण तो पिकअपच मुळात माझ्या वाजवण्याचा नव्हता.

पॉटवरून आठवलं, स्वस्त पॉट वीस टक्के इकडेतिकडे असतात, २५० के लिहिलेला दोनशेचा पण निघतो आणि तीनशेचा पण. तुझा नेक अंधारा वाटतो त्यात हाही हात असू शकेल. उघडशील तेव्हा मीटर लाव, पण पॉटच्या वायरी सोडवून मोज, नाहीतर भलतंच दिसेल.

मग बदलायचे कधी? माझ्या मते सिरॅमिक वाईट आणि अल्निको चांगलं हे कारण होऊ शकत नाही. डीमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप १९७२ पासून विकला जातोय, आत सिरॅमिकच आहे, आणि तो विकत घेऊन लोकांनी आपले अल्निको काढून टाकले! चुंबक कुठला यापेक्षा वेढे, पोल आणि बांधणी मिळून काय होतं ते ऐकायचं. पण खालची कारणं मात्र खरी.

पिकअप मायक्रोफोनिक असेल तर. गेन वाढव आणि पिकअपच्या कव्हरवर नखाने टकटक कर, आवाज टेबलावर माइक आपटल्यासारखा मोठा येत असेल आणि अ‍ॅम्पसमोर उभं राहिल्यावर कुकरच्या शिट्टीसारखी शिट्टी वाजत असेल, नोट बदलली तरी शिट्टी तीच, तर आतले वेढे सैल आहेत. मेणात बुडवून दुरुस्त होतो पण ते घरी गॅसवर करू नकोस, मेणाला आग लागते आणि जरा जास्त तापलं की प्लॅस्टिकचा सांगाडा वाकडा होतो. स्वस्त पिकअप असेल तर सरळ बदल.

वेढा तुटला असेल तर. केबल लाव, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला, एकेका पोझिशनवर आकडा बघ. सिंगल कॉइलला पाच-सहा केच्या आसपास काहीतरी यायला हवं. दोनशे-अडीचशे के दिसलं तर तो पॉट दिसतोय, पिकअप मेलाय किंवा त्याची वायर सुटलीय. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे होतं, वायर सुटलेली असेल तर एका टाक्यात जिवंत होतो.

तिसरं कारण म्हणजे घूं घूं. तू बँडमध्ये मोठ्या गेनवर वाजवायला लागलास आणि सिंगल कॉइलचा हम असह्य झाला, तर सिंगल कॉइलच्याच मापात बसणारा हंबकर किंवा नॉइजलेस हा खरा उपाय, नुसता महाग सिंगल कॉइल घेतलास तर तोही पन्नास हर्ट्झ तेवढ्याच प्रेमाने पकडणार. सेथ लव्हरने १९५५ मध्ये गिब्सनसाठी हंबकर बनवला तो या कटकटीसाठीच. पण त्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ, बॅटरीवर गेल्यावर हम निम्मा झाला तर पिकअपला का शिक्षा. आणि तारांना हात लावल्यावर हाताला झिणझिण्या येत असतील तर वाजवणं ताबडतोब थांबव आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घे, जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच सोसायट्यांत तिसऱ्या पिनच्या मागे काहीच नसतं.

आणि चौथं, तुझं वाजवणं बदललं असेल तर. ब्लूजवरून मेटलकडे गेलास, मग स्ट्रॅटचा ब्रिज पुरणार नाही, ते त्याचं कामच नाही.

यातलं काहीच नसेल, वरचं सगळं करून झालं, आणि तरीही तुला वाटलं की कॉर्ड वाजवला की सगळ्या तारा एकात एक मिसळतात, हळू आणि जोरात वाजवण्यात फरक कळत नाही, तर हो, चांगला अल्निको सेट तिथे फरक पाडतो आणि मी स्वतः लावून देईन. अफिनिटीच्या सिरॅमिकबद्दल ही तक्रार मी ऐकलीय आणि मला ती पटते. फक्त तो फरक किती असतो ते सांगतो: गिटार हातात असलेल्याला कळतो, समोर बसलेल्याला क्वचित. आमच्याकडच्या बेंजो पार्टीवाल्यांचं बघ, त्या बुलबुलतरंगावर कसलाही पिकअप असतो, पण अ‍ॅम्प आणि भोंगे तगडे, अख्खी आळी नाचते. अठरा हजारांत तुला बऱ्यापैकी सेकंडहँड अ‍ॅम्प मिळेल आणि मी तुझ्या जागी असतो तर आधी तो घेतला असता.

घ्यायचंच ठरलं तर चार गोष्टी बघून घे. पोलमधलं अंतर मोज, पहिल्या पोलच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत, कुठे पन्नास मिलिमीटर असतं कुठे बावन्न, आणि जुन्या कव्हरमध्ये नवा पिकअप बसेलच असं नाही. बॉडी पातळ असेल तर पिकगार्ड उघडून खाली किती जागा आहे तेही बघ. तिघांतला एकच बदलणार असशील तर मधल्याशी फेज (चुंबकाची आणि वेढ्यांची दिशा) जुळायला हवी, नाहीतर दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनवर आवाज नाकातून आल्यासारखा बारीक होतो आणि लोकांना वाटतं पिकअप खराब निघाला. हंबकर घेतलास तर रंगांवर विश्वास ठेवू नकोस, सेमूर डंकनची काळी वायर गरम (सिग्नलची), डीमार्झिओची लाल, एका कंपनीचा नकाशा दुसरीला लावला की बसलात शोधत.

काम करताना आधी मोबाइलवर वायरिंगचे सरळ वरून तीन-चार फोटो काढ, नंतर "मला आठवेल" असं म्हणणाऱ्यांच्या गिटारी माझ्याकडे पिशवीत सुट्या येतात. पॉटच्या पाठीवर टाका मारायला चाळीस-साठ वॅटची सोल्डरिंग आयर्न लागते, पंचवीसची घासत बसलास तर पॉट आतून शिजतो. आणि ब्रिजकडे जाणारी एकटी वायर दिसेल ती तोडू नकोस, ती तारांचं अर्थ आहे.

जुने पिकअप मात्र फेकू नकोस, कुठला नेकचा कुठला ब्रिजचा ते चिठ्ठी लावून ठेव. गिटार विकायची वेळ आली की नव्या पिकअपचे पैसे कुणी देत नाही, जुने परत लावायचे आणि नवे वेगळे विकायचे. माझ्याकडे लोकांनी सोडून दिलेल्या स्टॉक पिकअपांचा एक बिस्किटाचा डबा भरलाय आणि त्यातले बरेचसे ठणठणीत आहेत.

तर या रविवारी कॅबिनेट, टोन नॉब, उंची, कपॅसिटर, या क्रमाने कर, आणि प्रत्येक पायरीनंतर ब्रिजवर तोच एक रिफ रेकॉर्ड करून ठेव, आवाजाची पातळी सारखी ठेवून, कारण जो मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो. त्या फाइल मला पाठव. कार्ट तशीच राहू दे, कुठे पळून जात नाही.